गाळाखालचं रिंगण

मे महिन्यात शहाणी माणसं थंड हवेच्या ठिकाणी जातात. आम्ही यंदा चिखल आणायला गेलो. येताना त्या चिखलाला गाडीत पुढची सीट दिली, पट्टा बांधला आणि मी मागे बसून सगळा रस्ता त्याची मान धरून आलो. आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय, यंदा कुठं?" "नाथसागरला," म्हटलं की लोक माना डोलावतात, आणि "तळात" म्हटलं की घाबरतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

शनिवार, मुकुंदवाडी

सुरुवात घरातूनच झाली. आमची मुक्ता विद्यापीठात भूशास्त्र शिकते. धरणाच्या तळाशी गाळ कसा बसतो, थरावर थर चढून तो जाड कसा होतो, हा तिचा यंदाचा प्रकल्प. त्यासाठी प्लॅस्टिकची लांब नळी तळात उभी ठोकायची, आतल्या गाळासकट अलगद उपसायची आणि तशीच उभी आणायची. मग ती उभी चिरली की पुस्तकाच्या पानांसारखे थर दिसतात म्हणे.

आधीच्या आठवड्यात तिनं एक नळी आणली होती. एसटीनं. कंडक्टर भला माणूस. "पोरी, एवढं ओझं घेऊन कशाला उभी राहतीस," म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं नळी सामानाच्या फळीवर आडवी ठेवली. घरापर्यंत सगळे थर एकमेकांच्या गळ्यात पडले होते. तिच्या मॅडमनी नळी उघडून एकच वाक्य उच्चारलं, "मुक्ता, हे भरीत आहे." आणि पुढं सांगितलं की सोमवारपर्यंत दुसरी आण. वरच्या धरणांचं पाणी सुटलं की पैठणच्या धरणाचा, म्हणजे नाथसागराचा, उघडा तळ झाकला जाईल. मग प्रकल्प थेट पुढच्या वर्षी.

पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही. तेव्हा मी बाप म्हणून जाहीर केलं, "आपण गाडीनं जाऊ." गाडी माझी बायको वासंती चालवते. मी चालवतो तेव्हा घरची माणसं मोठ्यानं देवाचं नाव घेतात, म्हणून मी ते काम सोडलं आहे.

रात्रीच्या जेवणाला मी मुक्ताला विचारलं, "एवढं काय असतं गं गाळात?"

तिनं दिवाणावरच्या गाद्यांच्या चळतीकडं बोट दाखवलं. "बाबा, लग्नघरात गाद्या एकावर एक रचतात ना? सगळ्यात खालची कशी होते?"

"पापडासारखी."

"तसंच. वरच्याच्या वजनानं खालचा थर दबतो, त्यातलं पाणी निघून जातं, तो घट्ट होतो. आणि मोठ्या खोलगट प्रदेशांत, त्यांना आम्ही द्रोणी म्हणतो, तिथं गंमत आणखी मोठी. जमीनच खाली खचत असते, त्यात गाळाच्या वजनानं आणखी खचते. खचली की वर जागा होते, जागा झाली की आणखी गाळ येतो. पाणी उथळच राहतं आणि खाली मैलमैल जाडीचे थर साचतात. विदर्भात कोळशाच्या खाणी आहेत ना, ती अशीच द्रोणी. आपल्याकडं सगळा काळा पाषाण, लाव्ह्याचा. गाळ साचताना बघायचा तर आम्हाला धरणच."

मी भारावलो. जितकं टाकावं तितकी जागा होते! "म्हणजे माझ्या पोटासारखं," मी म्हणालो.

"तुमचं खाली खचत नाही बाबा," मुक्ता म्हणाली, "पुढं सरकतं." दोन दिवसांनी ती पहिल्यांदा हसली, म्हणून मी अपमान गिळला आणि त्यावर आणखी एक पोळी घेतली.

रविवार, नाथसागर

पहाटे निघालो. बिडकीनला चहा झाला. वासंतीनं धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. ती मूळची सिल्लोडची, तिला घरातून निघताना डबा नसेल तर आपण परागंदा होतोय असं वाटतं. पैठणच्या अलीकडं उजवीकडं वळलो, डांबर संपलं, मग रस्ता संपला, आणि एका बाभळीखाली गाडी लावून आम्ही काठावर उभे राहिलो.

मी नाथसागर आजवर पाण्यानं भरलेलाच पाहिला होता, तोही धरणाच्या भिंतीवरून, भजी खात. इथं पाणी पार लांब एका चकाकत्या रेघेपुरतं उरलं होतं. अलीकडं सगळा तळ. उन्हानं तडकून त्याच्या फरशा झालेल्या, आणि फरशीची कड उचलली की खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी. इतका मऊ, इतका बारीक गाळ, की चिमटीत घेतला तर बोटांच्या रेषांत जाऊन बसला. नाशिक-नगरकडची माती वाहत येऊन इथं निवांत टेकलेली. घाई नाही, आवाज नाही. कुणी आपलं काम इतक्या गुपचूप करत असेल असं मला वाटलं नव्हतं. आमच्या कचेरीत साधा पंखा दुरुस्त केला तरी फलक लागतो.

मुक्ताला मात्र कौतुकाला वेळ नव्हता. तिला न हललेला गाळ हवा होता, आणि हा गाळ सगळ्यांनाच हवा असतो. पाणी मागं सरलं की तिथं लोक गाळपेर करतात, म्हणजे ओल्या तळातच पेरून मोकळे होतात. काकडी, टरबुजाचे वेल लांबवर पसरलेले. जिथं पीक नाही तिथं ट्रॅक्टर गाळ खणून शेतात न्यायला उभे. जिथं ट्रॅक्टर नाहीत तिथं मेंढरांच्या खुरांनी तळाची चाळणी झालेली. आम्ही नळी, हातोडा, लाकडी ठोकळा असा संसार घेऊन उन्हात हिंडत होतो. मुक्ताचा चेहरा पुन्हा उतरायला लागला.

आणि मग मला ती जागा दिसली. चारी बाजूंना खुरांचे ठसे, मधेच घोंगडीएवढा गोल तुकडा अगदी कोरा. मधोमध शेंदूर फासलेला दगड आणि त्याच्याभोवती शेंदराचं रुंद नारिंगी रिंगण. मी आनंदानं धावलो.

"ओ सायेब!" मागून आवाज आला. "तितंच थांबा! म्हसोबा हाय!"

मी एका पायावर थांबलो. एका पायावर थांबायचं माझं वय नाही, त्यामुळं लगेच चिखलात बसलो.

आवाज धुरपाबाईंचा होता. साठीच्या आसपासच्या, काटक, हातात काठी, पदराच्या गाठीत मोबाईल बांधलेला. त्यांचा मेंढरांचा वाडा काठावर होता. नवरा सखाराम मागून सावकाश आला, मला बसलेलं बघून म्हणाला, "बसलासा व्हय? बरं केलं. कपडं तसंबी खराब झालंच होतं."

त्यांनी आम्हाला वाड्यावर नेलं, शेळीच्या दुधाचा चहा दिला. दाट आणि किंचित खारट. पहिल्या घोटाला मी बिचकलो, दुसऱ्या कपाला मीच हात पुढं केला. वासंतीनं धपाटे उघडले, धुरपाबाईंनी बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढं केला आणि बोलणं म्हसोबावर आलं.

धरण व्हायच्या आधी तिथं शेतं होती आणि बांधावर म्हसोबा होता. धरण झालं, देव पाण्याखाली गेला. तिथवरचा तळ दर साल उघडा पडत नाही. पाऊस अगदीच रुसला तर पडतो. तसा पडला की यांच्या घरातला कर्ता माणूस गाळात काठी खुपसत हिंडतो. काठी खाली 'टक्' वाजली की खालचा देव सापडला. त्याच्या डोक्यावर, गाळाच्या वर, नवा दगड बसवायचा आणि घरातल्या बाईनं भोवती तेलातल्या शेंदराचं रिंगण घालायचं. त्या रिंगणात मेंढरू जात नाही, नांगर जात नाही, ट्रॅक्टर जात नाही.

मी थक्क झालो. आम्ही शहरातली माणसं देव विसर्जन करायला पाण्याकडं जातो. यांच्याकडं पाणीच देवाकडं येतं, गाळाचं पांघरूण घालून जातं, आणि ही माणसं वर्षानुवर्षांनी येऊन त्याच्या उशाशी पुन्हा दिवा लावतात. कुरकुर नाही.

"म्हणजे खाली एकाखाली एक देव आहेत?" मुक्तानं विचारलं. तिचे डोळे विलक्षण चमकत होते.

"कशाचे," सखाराम म्हणाला. "काठी वरच्याच देवाला लागती. त्याच्या खालचे कवाच गेले वाहून. धरनाची दारं उघडली की डोंगर जातील, दगडाचं काय घिऊन बसलासा."

"तुमी गप बसा," धुरपाबाई म्हणाल्या आणि चुलीकडं वळल्या.

थोड्या वेळानं, चुलीतला जाळ सारता सारता, त्या वासंतीशी बोलू लागल्या. "ताई, धरनानंतरचं पयलं रिंगण माझ्या सासूचं. दुसरं माझं. नवी नवरी व्हते, शेंदराचं भांडंच कलंडलं. सासू म्हनली, एवढा शेंदूर कुनी वतत असतं व्हय गं? त्याच साली लई मोठा पूर आला, धरनाची सगळी दारं उघडली. मेंढरंबी लई गेली आमची. तवापासनं मरंपातुर सासू म्हनत राह्यली, धुरपे, तुझ्या हातचं रिंगण टिकलं नाय. तू देव घालवलास." त्यांनी जाळ पुढं ढकलला. "त्याच्यावर माझ्याच हातचं आनखी एक झालं. हे यंदाचं चौथं. पर ते दुसरं डोक्यातनं जात नाय."

सखाराम मेंढरांकडं बघत होता. 

मुक्तानं मग विचारलं, आणि फार हळू विचारलं. "मावशी, देवाला धक्का न लावता, रिंगणाच्या कडेवर मी ही नळी ठोकली तर? खालचे थर जसेच्या तसे वर येतील. रिंगणं असतील तर दिसतील."

धुरपाबाईंनी नळी हातात घेऊन बघितली. "आन नसली तर?"

"तर तेही दिसेल."

"मला सांगशील का? जे असंल ते?"

"सांगेन."

"मग ठोक," त्या म्हणाल्या. "पर आदी त्येला नारळ."

इथं माझ्या बायकोनं इतिहास घडवला. नारळाचं नाव निघताच वासंतीच्या पर्समधून हळदीकुंकवाची डबी बाहेर आली, आणि आम्ही बाकीचे नारळ शोधत असताना तिनं नळीची पूजा केली. नवी गाडी, नवा मिक्सर, नवी नळी. तिच्या लेखी सगळं सारखं. वरच्या तोंडाला बोटं ओढली, खालच्या तोंडालाही ओढली.

"आई!" मुक्ता किंचाळली. "खालच्या तोंडाला? ते आत जाईल! लाल रंग! मी काय सांगू मॅडमना?"

"शुभ असतं," वासंती म्हणाली.

"शास्त्रात शुभ नसतं!"

"म्हणूनच मागची नळी आडवी झाली."

मुक्तानं नळी पुसली, पुन्हा पुसली, माझ्या नव्या रुमालानं पुसली, तरी कडेच्या खाचेत गुलाबी छटा राहिलीच. दुसरी नळी नव्हती. म्हसोबापुढं नारळ फोडला, नळी उभी केली, वर ठोकळा धरला आणि हातोडा माझ्या हाती आला. पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. दुसऱ्यापासून सखारामनं हातोडा काढून घेतला आणि कमरेत न वाकता, सावकाश, एकाच तालात नळी खाली घातली. खालचे देव वाहून गेले असं म्हणणारा हा माणूस, पण प्रत्येक घावानंतर थांबून कान देत होता. खाली कुठं 'टक्' वाजतंय का.

वाजलं नाही. वरचं तोंड घट्ट बंद करून आम्ही पाच जणांनी नळी ओढली तेव्हा गाळानं 'पच्च' असा आवाज केला आणि सोडली. माझ्या छातीएवढी लांब, आणि वजनाला आमच्या मुक्ताच्या लग्नाच्या विचारासारखी.

परतीचा प्रवास एका वाक्यात: नळी पुढं, पट्ट्यात, डोक्यावर ऊन लागू नये म्हणून टॉवेल, मी मागून मान धरून. बिडकीनच्या टपरीवर एकानं काचेतून बघून काळजीनं विचारलं, "पेशंट हाय का?" वासंती म्हणाली, "हो, जरा जपून न्यायचंय." प्रत्येक गतिरोधकाला ती गाडी इतकी हळू करायची की मागचे ट्रकवाले आमच्या खानदानाची चौकशी करत पुढं जायचे.  मला कळत होतं की मुक्ताला आता फक्त प्रकल्पाची धाकधूक नाही. कुणालातरी शब्द दिला आहे.

सोमवार, विद्यापीठ

मी रजा टाकली. कारणाच्या जागी "कौटुंबिक" लिहिलं, कारण "गाळ" लिहायचा धीर झाला नाही. नळी धरून जिना मीच चढलो, मागून मुक्ता आणि वासंती. माझं धापा टाकणं ऐकून वर दोन दारं उघडली.

मॅडम बारीक चणीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. नळी मुळातच दोन उभ्या फाकांची, पट्टीनं बांधलेली होती. त्यांनी ती टेबलावर हळूच निजवली, पट्टी कापली, गुलमंडीच्या बाजारातून आणलेली नायलॉनची दोरी फाकांच्या मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढली आणि वरची फाक उचलली.

काय दिसलं ते लिहायला माझी लेखणी तोकडी आहे. राखाडी, तपकिरी, काळपट, पुन्हा राखाडी. केसासारखे बारीक, बोटाएवढे जाड, कुठं रेतीचा एखादा भरड पट्टा. मुक्तानं बोट न लावता दाखवलं: ही पुराची रेती, हा संथ पाण्याचा चिकण गाळ, आणि जसजसं खाली जाऊ तसतसे थर दबलेले, घट्ट. गाद्यांची चळतच. एवढी वर्षं मी वर भजी खात होतो आणि खाली हे चाललं होतं.

आणि त्या राखाडीत नारिंगी रेघ होती.

मॅडमचा चष्मा खाली आला. "हे काय?"

मुक्तानं आईकडं बघितलं. मॅडमनी मुक्ताच्या आईकडं बघितलं. मीही बघितलं, कारण सगळे बघत होते.

"मी एवढं लावलंच नव्हतं!" वासंती म्हणाली. "आणि कुंकू असं नारिंगी कुठं असतं?"

मुक्तानं पातळ पातं घेतलं. नळीच्या भिंतीला लागलेला गाळ कडेनं खरवडून काढला. खालच्या तोंडापाशी, फक्त सालीवर, गुलाबी डाग होता: ते आईचं शुभ. तो खरवडल्याबरोबर गेला. पण वरची नारिंगी रेघ आत, थेट मधोमध, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ गेली होती. रेघेच्या खाली रेतीचा पट्टा, वर चिकण गाळ, दोन्ही जागच्या जागी.

"ही खुणेची पातळी आहे," मुक्ता म्हणाली.  "मॅडम, तळ उघडा पडलेलं वर्ष. हे तिथल्या लोकांनी..." आणि तिनं सगळं सांगितलं. म्हसोबा, काठी, रिंगण.

मॅडम भिंग घेऊन खाली सरकल्या. "ही दुसरी," त्या म्हणाल्या. आणखी खाली. "ही तिसरी." मग सरळ झाल्या. "गाळावर शिक्का मारून ठेवतं असं कुणी मला आजवर भेटलं नव्हतं. मुक्ता, आता हे भरीत नाही."

मॅडमच्या भाषेत ही मोठी शाबासकी असावी, कारण मुक्ता रडायला लागली. वासंतीनं तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. शुभ असतं, असा त्याचा अर्थ.

मुक्तानं डोळे पुसले आणि पुन्हा वाकून तिन्ही रेघांची जाडी मोजली. मग ती फोन घेऊन व्हरांड्यात आली. आम्हीही मागोमाग. पलीकडून आधी मेंढरं ऐकू आली, मग धुरपाबाई.

"मावशी, मी मुक्ता. नळीवाली."

"बोल."  

"यंदाचं वर आहे ना, त्याच्याखाली तीन रिंगणं आहेत. एकाखाली एक. जागेवर आहेत."

पलीकडं मेंढरंच ऐकू येत राहिली.

"धरणाआधीचा जो मूळचा देव, तिथवर माझी नळी पोचली नाही," मुक्ता म्हणाली.

"त्यो असंलच," धुरपाबाई घाईनं म्हणाल्या. "पोरी... मधलं?"

"तेच सांगायला फोन केला. वरचं आणि खालचं बारीक आहे, दोऱ्यासारखं. मधलं सगळ्यात जाड आहे, मावशी. बोटाच्या पेरभर शेंदूर आहे. पुराची रेती त्याच्या वरून गेली, पण ते हललं नाही."

 मला वाटलं फोन कटला. मग त्या हसल्याचा आवाज आला, का रडल्याचा, ते मला आजही सांगता येणार नाही. आणि मग फोन कानापासून लांब धरून, साऱ्या उघड्या तळाला ऐकू जाईल अशी त्यांनी हाक मारली,

"आवं, ऐकलं का! जाड हाय म्हनती! माझंच जाड हाय!"